शिक्षणाच्या खर्चाचा अर्ज

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे गाव महाराष्ट्राच्या इतर भागांतील वाचकाला बहुधा समुद्रकाठच्या शंकराच्या देवालयामुळे आणि त्यापुढील शांत किनाऱ्यामुळे ठाऊक असते. परंतु २०१२ साली ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाने, म्हणजे १९३५ पासून शहरातील शिक्षणकार्यात मुरलेल्या एका संस्थेने, याच परिसरात महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय उघडले, तेव्हापासून या गावाच्या नावाला आणखी एक अर्थ प्राप्त झाला आहे. कोकणातील मुलाने शिकायचे तर प्रथम घर सोडायचे, हा दीडशे वर्षांचा प्रघात. अभियांत्रिकी शिक्षणापुरता तो रत्नागिरीच्या फिनोलेक्स अकादमीने १९९६ मध्ये, देवरुखजवळच्या आंबव येथील राजेंद्र माने महाविद्यालयाने १९९८ मध्ये आणि खेड तालुक्यात लवेल येथे २००७ मध्ये निघालेल्या घरडा संस्थेने क्रमाक्रमाने शिथिल करीत आणला होता. वेळणेश्वरच्या महाविद्यालयाने तो गुहागरच्या खाडीपट्ट्यापर्यंत सैल केला. हेदवीच्या किंवा तवसाळच्या मुलीला मुंबई विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी आता घरून जाऊन-येऊन मिळविता येते.

अंतर कमी झाले, शुल्क मात्र राहिले. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क आणि आंब्या-काजूवर, मासळीवर किंवा मुंबईतील एखाद्या तुटपुंज्या पगारावर चालणाऱ्या घराची आवक यांच्यातील तफावत भरून काढण्यासाठी शासनाने, बँकांनी आणि काही विश्वस्त निधींनी ज्या तजविजी केल्या आहेत, त्या संख्येने थोड्या नाहीत. असे असूनही त्या अनेकांच्या पदरात पडत नाहीत. याचे मोठे कारण असे की प्रवेशाला जेवढे दिवस मिळतात, त्याच्या कितीतरी पट दिवस प्रवेशासाठी लागणाऱ्या कागदांना लागतात, आणि ही गोष्ट घराला समजते ती बहुधा प्रवेशाच्या खिडकीशी उभे राहिल्यावर. प्रस्तुत लेख त्या कागदांविषयी आहे. पण प्रथम हे साहाय्य कोणत्या वाटेने येथवर आले ते पाहणे अवश्य आहे, कारण अर्ज करताना मान खाली घालावी की ताठ ठेवावी, हे त्या इतिहासावर अवलंबून आहे.

याच तालुक्यातील कोतळूक या गावी १८६६ साली गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. १८७९ मध्ये वडील निवर्तले, तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या गोपाळास पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत त्यांनी सबंध घर चालविले. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात गोखल्यांना दरमहा वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८८४ मध्ये ते पदवीधर झाले. पण त्या शिष्यवृत्तीपर्यंत पोहोचण्याचे अंतर एका भावाने आपले आयुष्य खर्ची घालून काटले होते, हे विसरता येत नाही. कायदे कौन्सिलात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडून १९११ पासून ते झगडले आणि १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी हरले. त्या झगड्यामागे या आठ रुपयांची आठवण असली पाहिजे, असे मला नेहमी वाटते.

ज्या घरात असा भाऊ नव्हता, त्या घरातील मुलगा वार लावून जेवत असे. आठवड्याचे सात दिवस सात घरी पान, रात्री कोणाच्या तरी ओटीवर अंथरूण आणि सकाळी उसन्या पुस्तकावर अभ्यास, या व्यवस्थेवर कोकणातील आणि देशावरील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या निभावल्या. तिच्यात माया होती हे खरे. परंतु ती बहुतांशी एकाच जातीच्या मुलांपुरती होती, आणि यजमानाची मर्जी हाच तिचा एकमेव कायदा होता. ज्यांना ओटीवर पाऊलच ठेवू दिले जात नव्हते, त्यांच्या मुलांना ही वाट मुळातच बंद होती.

रत्नागिरी जिल्ह्याच्याच मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचा हिशेब या दृष्टीने मांडून पाहण्यासारखा आहे. मॅट्रिक झालेल्या भीमरावाची शिफारस कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी केली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी त्याच दरबाराकडून दरमहा साडेअकरा पौंडांची तजवीज तीन वर्षांसाठी झाली; मात्र परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन, असा करारनामा त्यांना लिहून द्यावा लागला. मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून ते परत आले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून साठविलेली शिल्लक, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज अशा तिहेरी आधारावर ती वारी उभी होती. शिष्यवृत्ती, स्वतःची कमाई आणि कर्ज यांची मोट बांधूनच उच्चशिक्षणाचा खर्च भागतो, हे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे.

महत्त्वाचा फरक पुढे पडला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ मध्ये मजूर खात्याचे सभासद झालेल्या आंबेडकरांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन सरकारला सादर केले, त्यात उच्चशिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्यांची मागणी ठामपणे केलेली होती. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मध्यवर्ती सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ या नावाने महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर आजही झळकते ती हीच. योगायोग असा की त्याच १९४४ साली अमेरिकेने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा भार राष्ट्राने उचलावा असा कायदा केला, आणि त्या एका कायद्याने तेथील विद्यापीठांचे रूप बदलून गेले. दोन्हीकडे तत्त्व एकच होते: शिकणाऱ्याचा खर्च राज्याने करणे हा उपकार नसून त्याची पात्रता नियमात लिहून ठेवावयाची असते, आणि जो त्या नियमात बसेल त्याला नाही म्हणण्याचा अधिकार कोणा कारकुनाला वा राजाला उरत नाही. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना हेच तत्त्व आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या सर्वच घरांना लागू झाले. ई.बी.सी. आणि ‘बाराशेच्या आतले उत्पन्न’ हे शब्द त्या पिढीतील कोणाही शिक्षकाच्या तोंडी अजून येतात, कारण शेतकऱ्यांची आणि मजुरांची हजारो मुले त्या सवलतीच्या बळावर महाविद्यालयाच्या पायऱ्या चढली.

आज त्या सवलतीची वंशज असलेल्या योजनेचे नाव राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असे आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असलेल्या खुल्या वर्गातील विद्यार्थ्याला, एका कुटुंबातील दोन अपत्यांपर्यंत, व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा अर्धा भाग तिच्यातून मिळतो. इतर मागासवर्गीयांसाठीही, म्हणजे गुहागर तालुक्यात बहुसंख्येने असलेल्या कुणबी व भंडारी समाजांतील मुलांसाठी, प्रमाण अर्धेच आहे. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांना ते पूर्ण मिळते. मुलींच्या बाबतीत ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने फार मोठा पालट केला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शंभर टक्के माफ झाले. ज्या घरात मुलाला अभियंता आणि मुलीला गावातच कला शाखेची पदवी असा विचार शुल्काच्या आकड्यावरून होत असे, त्या घराने हा निर्णय मुद्दाम समजून घ्यावा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ ही वार्षिक पन्नास हजार रुपयांची शिष्यवृत्तीही मुलींसाठीच आहे. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर निराळा करावा लागतो.

राज्याच्या या सर्व सवलतींना सामाईक अशी एक अट आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास पुढचे सारे कागद व्यर्थ ठरतात. प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे विद्यार्थी ज्याला ‘कॅप राउंड’ म्हणतात त्यातून, झालेला असला पाहिजे. तीच शाखा, तेच महाविद्यालय, तोच वर्ग. परंतु घाईने संस्थास्तरावरील जागा घेतलेल्या विद्यार्थ्याला शुल्कसवलत नाही आणि दोन आठवडे धीर धरून यादीतून आलेल्याला आहे, असा प्रकार दरवर्षी घडतो. पहिल्या फेरीत नाव लागले नाही म्हणून धास्तावलेल्या पालकाला कोणीतरी ‘जागा संपतील’ असे सांगतो, आणि चार वर्षांच्या सवलतीवर त्या एका दुपारी पाणी पडते. याच प्रक्रियेच्या अर्जात शिक्षण शुल्क माफी योजनेचा एक पर्याय असतो. मंजूर जागांच्या पाच टक्के इतक्या जादा जागा त्या योजनेखाली आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना निव्वळ गुणवत्तेवर मिळतात आणि संपूर्ण अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क माफ होते; पण अर्ज भरताना तो पर्याय निवडला नसेल, तर गुण असूनही विद्यार्थी त्या यादीत येत नाही.

सवलत कशावर मिळते हेही नीट पाहिले पाहिजे. खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात, आणि वर सांगितलेल्या अर्ध्या किंवा पूर्ण माफीच्या योजना पहिल्या भागापुरत्याच आहेत. विकास शुल्क, खानावळ, वसतिगृह, पुस्तके, संगणक आणि एस.टी.चा पास हा खर्च घरानेच उचलायचा असतो. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार आणि पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता या योजना आहेत; प्रत्येकीचा प्रवर्ग व शर्ती वेगळ्या असल्यामुळे आपल्याला कोणती लागू पडते, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाकडून पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावे.

आता कागदांकडे वळू. त्यांतील सर्वांत साधा दिसणारा आणि कोकणात सर्वांत अवघड ठरणारा कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला.

हा दाखला तहसीलदार देतो, तलाठ्याच्या चौकशीवरून देतो आणि कुटुंबाच्या सर्व मार्गांनी झालेल्या मागील आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा देतो. विदर्भातील किंवा पश्चिम महाराष्ट्रातील घराचे उत्पन्न बहुधा एका गावात असते. कोकणातील घर मात्र शंभर वर्षांपासून दोन ठिकाणी वसलेले आहे. बाप किंवा काका मुंबईत गिरणीत, गोदीत, आता बहुधा एखाद्या खाजगी आस्थापनेत किंवा सुरक्षारक्षकाच्या नोकरीत. आई, आजी आणि मुले गावी. शिधापत्रिका कधी गावची, कधी मुंबईची, कधी दोन्हीकडे विभागलेली. गावचा तलाठी सातबारा पाहून शेतीचे उत्पन्न सांगू शकतो, पण मुंबईच्या पगाराचा पुरावा त्याच्या दप्तरात नसतो. आणि पगाराचा पुरावा जोडावा तर ज्या मालकाकडे हजेरीपटावर नावच नाही, तो वेतनाचे प्रमाणपत्र कशाला देईल? अशा वेळी काही घरे फक्त शेतीचे उत्पन्न दाखवून मोकळी होतात. ते करू नये. पुढे बँकेत, आयकरात किंवा दुसऱ्या एखाद्या योजनेत निराळा आकडा निघाला की सवलत रद्द होते आणि घेतलेली रक्कम वसूलही होते. नियमित नोकरी असल्यास वेतनाचे प्रमाणपत्र किंवा आयकराचा नमुना १६, आणि रोजंदारी, मासेमारी वा फेरीची कमाई असल्यास खऱ्या आकड्याचे स्वयंघोषणापत्र ही सरळ वाट आहे. आठ लाखांची मर्यादा इतकी रुंद आहे की प्रामाणिक आकडा लिहूनही या तालुक्यातील बहुतेक घरे तिच्या आतच राहतील.

शेतीच्या बाजूला दुसरे दुखणे सामाईक सातबाऱ्याचे. पणजोबांच्या नावाची जमीन, तिच्यावर पन्नास-साठ भाऊबंदांची नावे, त्यांतील कित्येक मृत, वारसनोंद झालेली नाही, आणि कलमे मात्र एकटा चुलता राखतो, ही स्थिती कोकणात अपवादाची नाही. उताऱ्यावर क्षेत्र पाहून सबंध बागेचे उत्पन्न एका घराच्या नावावर धरले गेले तर दाखल्यातील आकडा फुगतो. उलट उताऱ्यावर नावच नसले तर अल्पभूधारकाचा दाखला मिळत नाही आणि त्यावर अवलंबून असलेला निर्वाह भत्ता हातचा जातो. आजोबा वारल्यावर वारसाची नोंद करून फेरफार मंजूर करून घेणे हे काम मालमत्तेच्या तंट्यासाठी लोक करतात. तेच काम नातवाच्या शिक्षणासाठीही करावे लागते, हे फारच थोड्यांच्या ध्यानी येते.

आणखी एक घोटाळा उन्नत व प्रगत गटात नसल्याच्या, म्हणजे नॉन-क्रीमीलेअरच्या, प्रमाणपत्रावरून होतो. तेथेही मर्यादा आठ लाखांचीच असल्यामुळे दोन्ही दाखले एकच आहेत असे समजले जाते. वस्तुतः त्या प्रमाणपत्रासाठी उत्पन्न मोजताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरीत नाहीत. शुल्कसवलतीसाठी मात्र सर्व मार्गांचे उत्पन्न धरले जाते. त्यामुळे एखाद्याला आरक्षणातून प्रवेश मिळतो आणि शुल्कसवलत नाकारली जाते, तेव्हा त्यात अन्याय नसतो. दोन हिशेबांची कसोटीच वेगवेगळी असते.

जातीच्या दाखल्याची आणि त्याच्या वैधतेची कथा याहून लांब आहे. दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे गुहागरकरांच्या बाबतीत चिपळूणचे प्रांत, देतात. त्याची पडताळणी रत्नागिरीची जिल्हा समिती करते. इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. याचा अर्थ असा की २००८ साली जन्मलेल्या मुलीच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी तिच्या आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव एखाद्या जीवन शिक्षण शाळेच्या जीर्ण नोंदवहीत किंवा जन्म-मृत्यूच्या गाव नमुना १४ मध्ये शोधावे लागते. शाळेची इमारत बदललेली असते, वही वाळवीने खाल्लेली असते, शिक्षकाने जातीचे नाव तोडून लिहिलेले असते, आडनावाच्या जागी गावकीचे नाव असते. वडील, भाऊ, आत्या किंवा सख्खा चुलता यांपैकी कोणा पितृकुळातील आप्ताचे वैधता प्रमाणपत्र आधीच झालेले असेल तर मार्ग पुष्कळ सुकर होतो; म्हणून घराण्यातील ज्या पहिल्या मुलाने हे प्रमाणपत्र मिळविले, त्याने त्याची प्रत सर्व भाऊबंदांना द्यावी, मग जमिनीवरून बोलणे बंद असले तरीही. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने हा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अकरावी-बारावीतच करावयाचा असतो. निकालानंतर धावणाऱ्याला समितीच्या दारात सबंध जिल्हा भेटतो.

दाखल्यांचा हा जाच पाहून मन विटते हे खरे. परंतु दाखला नसलेल्या जगाचाही अनुभव या जिल्ह्याने घेतलेला आहे. १८७५ साली मुरुडचा एक मुलगा सार्वजनिक नोकरीच्या परीक्षेसाठी भर पावसात कुंभार्ली घाट चढून सुमारे ११० मैल चालत साताऱ्यास पोहोचला, आणि ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ एवढ्या कारणावरून त्याला परत धाडण्यात आले. तो मुलगा म्हणजे पुढचे महर्षी धोंडो केशव कर्वे. तोंडाकडे पाहून माणसाची पात्रता ठरविण्याचा अधिकार एका अंमलदाराच्या हाती असणे आणि ती पात्रता शिक्क्यानिशी कागदावर असणे, यांत दुर्बळाच्या बाजूचे काय, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. जे बदलले पाहिजे ते कागद मिळण्याची रीत. त्यासाठी काही साधने हाती आहेतही: लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मुळे प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे आणि ती उलटल्यास अपील करता येते, शिवाय जात, उत्पन्न, वास्तव्य इत्यादी दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागू नये असे शासनाने २००४ मध्येच ठरविलेले आहे. तरीही कोणी मुद्रांकाचा कागद आणावयास सांगितल्यास त्याला हा निर्णय नम्रपणे, पण स्पष्टपणे दाखवावा.

कागद जमल्यावर अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर भरावा लागतो. आधार क्रमांकाने ओळख पटविणे, माहिती भरणे, दाखले चढविणे, मग महाविद्यालयाच्या लेखनिकाची व प्राचार्यांची छाननी, त्यानंतर समाजकल्याण, बहुजन कल्याण किंवा तंत्रशिक्षण यांपैकी संबंधित खात्याची मंजुरी आणि शेवटी हप्त्यांनी रक्कम, असा त्याचा प्रवास आहे. अर्ज कोणत्या मेजावर थांबला आहे हे विद्यार्थ्याला घरबसल्या दिसते. पण ते पाहावे लागते. त्रुटी काढून परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त न केल्यास तो वर्ष संपेपर्यंत तसाच पडून राहतो, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करणे विसरले तर पहिल्या वर्षाची सारी मेहनत असूनही सवलत खंडित होते.

रक्कम थेट खात्यात येते, आणि येथे एका बारीक भेदावर पुष्कळांचे पैसे अडकतात. बँकेला ओळखीसाठी आधार दिला म्हणजे खाते लाभ जमा होण्यासाठी आधाराशी संलग्न झाले असे नाही. त्यासाठी वेगळी संमती द्यावी लागते, आणि एका आधाराशी एका वेळी एकच खाते असे संलग्न राहते. एक खाते शाळेत असताना उघडलेले, दुसरे महाविद्यालयाने उघडावयास लावलेले, तिसरे भ्रमणध्वनीवरून उघडलेले, अशा विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती शेवटी जे खाते संलग्न झाले त्यात जाते, आणि तो भलत्याच पासबुकात तिची वाट पाहत बसतो. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातील महाविद्यालयाचे शुल्क त्याने सात दिवसांत भरावयाचे असते. घरात दुखणे किंवा कर्जाचा तगादा असला की ती रक्कम दुसरीकडे वळण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण परीक्षेच्या तोंडावर थकबाकी म्हणून तीच रक्कम पुढे उभी राहते.

एवढे करूनही जी उणीव राहते ती शैक्षणिक कर्जाने भरून काढावी लागते. कर्जाचे भय कोकणी घराच्या हाडीमाशी खिळलेले आहे आणि सावकारीच्या अनुभवाने ते योग्यही होते. पण या कर्जाच्या शर्ती वेगळ्या आहेत. चार लाखांपर्यंत बँकेने तारण मागावयाचे नसते, आणि पतहमी निधीमुळे साडेसात लाखांपर्यंतही विनातारण कर्ज देता येते. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. त्यानंतर फेडीला पंधरा वर्षांपर्यंत अवधी मिळतो. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घराला मान्यताप्राप्त संस्थांतील व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी या स्थगितीच्या काळातील व्याज केंद्र सरकार भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत जामीनही लागत नाही. परंतु ती योजना देशातील ठरावीक, सुरुवातीला ८६०, मानांकित संस्थांपुरती आहे, तेव्हा आपले महाविद्यालय त्या यादीत आहे की नाही हे पाहूनच तिच्यावर भिस्त ठेवावी.

‘तुमचा पत्ता आमच्या शाखेच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर गावचा पत्ता आणि मुंबईचा पगार असलेल्या पालकाला फार वेळा ऐकावे लागते. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना कळविले आहे की राहण्याचे ठिकाण शाखेच्या सेवाक्षेत्रात नाही या कारणावरून शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारू नये. म्हणून अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि नकार मिळाल्यास तो कारणासह लेखी मागावा. रत्नागिरी जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे. तिच्या जिल्हा कार्यालयाकडे अशा तक्रारी नेता येतात. फेडलेल्या व्याजावर जुन्या करप्रणालीत आयकराच्या कलम ८०ई खाली आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते आणि इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परताव्याची योजनाही आहे, या दोन गोष्टी कर्ज घेतानाच टिपून ठेवाव्यात.

राहिला प्रश्न वेळेचा. गावातील घर आणि मुंबईतील घर वर्षातून तीनदा एकत्र येते: शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. जामिनाची सही, बापाचे वेतनपत्र, चुलत्याची वैधता, आजीला आठवणारे पणजोबांच्या शाळेचे नाव, हे सारे त्या दिवसांत एकाच छताखाली असते. एरवी त्यातील एकेका कागदासाठी रात्रीची एस.टी. धरावी लागते. मुलगा किंवा मुलगी अकरावीत गेल्यावर जो पहिला गणपती येईल, त्याच्या सुटीला जोडून बापाने दोन दिवसांची जादा रजा काढावी आणि कचेऱ्या उघड्या असतील असे ते दोन दिवस तलाठी, सेवा केंद्र आणि जुनी शाळा यांसाठी राखून ठेवावेत. गावोगावच्या मुंबई मंडळांनी, जी दरवर्षी वह्या वाटतात आणि गुणवंतांचा सत्कार करतात, एवढे एक काम अंगावर घ्यावे: अकरावी-बारावीच्या मुलांची यादी करून प्रत्येकापुढे कोणता कागद झाला आणि कोणता राहिला हे लिहावे, आणि मंडळातील जो कोणी बँकेत, महसूल खात्यात किंवा शाळेत नोकरीला आहे त्याने ती यादी शिमग्याला आणि गणपतीला गावच्या सभेत वाचून दाखवावी.